ज्या पाण्यात डाळ शिजते

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलणार आहे लावायच्या केसांबद्दल. म्हणजे विग, पॅच, टोप, आणि आपला जुना गोड शब्द, गंगावन. माझ्या आईच्या पिढीतल्या बायका अंबाडा भरीव दिसावा म्हणून गंगावन लावायच्या. सगळ्या आळीला ते ठाऊक असायचं, आणि त्यात लपवण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटत नसे. आता माणसं दुकानात शिरली की आधी दार लोटून घेतात, मग कुजबुजत बोलतात. मला याचं फार वाईट वाटतं. चष्मा घ्यायला गेल्यावर आपण कुजबुजतो का? केस गेले, केस लावले, इतकंच तर आहे.

ठाण्यात जांभळी नाक्याजवळ गेली सव्वीस वर्षं मी विग बांधते आणि दुरुस्त करते. त्यात सगळ्यात जास्त कानावर आलेलं वाक्य हे: "ताई, नवा होता तेव्हा रेशमासारखा होता, धुतला आणि काथ्या झाला."

याचं कारण आधी सांगते. डोक्यावरच्या केसाला त्वचेतून तेलकट अंश मिळत राहतो. फणी फिरवली की तो टोकापर्यंत पोचतो. विगच्या केसाला मूळ नाही. शाम्पूनं जे धुऊन नेलं, ते आतून परत यायचं नाही. म्हणून शेवटच्या पाण्यानंतर केसावर जे राहिलं, तेच पुढच्या धुण्यापर्यंत राहणार. पुन्हा सांगते, शेवटचं पाणी. शाम्पू कुठला, कंडिशनर कुठला, हे सगळे विचारतात. पाणी कुठलं, हे मला आजवर कुणी विचारलेलं नाही.

त्याचीच गोष्ट सांगते. मे महिना होता. रात्री साडेनऊला दुकान आवरत होते, तेवढ्यात फोन आला. घोडबंदर रोडला राहणाऱ्या एक शिक्षिका, त्यांना आपण नुसतं बाई म्हणू. बाईंना आधी चाई पडली, मग वर्षभरात सगळेच केस गेले. माझ्याकडून त्यांनी खऱ्या केसांचा विग करून घेतला होता, कमरेपर्यंत, कारण पूर्वी त्यांची वेणी तेवढी होती. फोनवर त्या एवढंच म्हणाल्या, "ताई, केस मेले हो. परवा मुलीचा साखरपुडा आहे."

म्हटलं, आत्ता या. रिक्षा करून आल्या. सोबत त्यांच्या सासूबाई, पंच्याहत्तरीच्या. आजींच्या मांडीवर पोळ्यांचा स्टीलचा डबा, आणि डब्यात पांढऱ्या पंचात गुंडाळलेला विग. मी पंचा उलगडला. बट हातात घेतली तर बोटं पुढे सरकेनात. वरून चिकट, आतून खरखरीत, आणि मानेकडच्या भागात तर जटा.

मी विचारायला सुरुवात केली. शाम्पू? सौम्य. गरम पाणी? नाही, साधं. चोळला? नाही ताई, तुम्ही सांगितलं तसाच बुडवून काढला. पिळला? नाही. कंडिशनर? लावला, दहा मिनिटं ठेवला. उन्हात? नाही, पंख्याखाली. बाई शिक्षिका, सांगितलेलं एकही सोडलं नव्हतं. मी चक्रावले. माझ्याच बांधण्यात काही चुकलं का, अशी शंका यायला लागली. केस बांधताना सगळ्यांची मुळं एकाच दिशेला ठेवावी लागतात. केसावर माशासारखी बारीक खवलं असतात, मुळाकडून टोकाकडे वळलेली. एक केस सुलटा आणि शेजारचा उलटा बांधला, तर खवलं एकमेकांत अडकतात आणि गुंता कधीच संपत नाही. मी भिंगाखाली पाहिलं, बोटांनी खालून वर, वरून खाली तपासलं. दिशा बरोबर होती.

मग आजी सहज म्हणाल्या, "हल्ली घरात काहीच धड होत नाही बघ. परवा तूरडाळ पाच शिट्ट्या करून शिजेना."

मी हातातला कंगवा खाली ठेवला. विचारलं, "आजी, पाणी कुठलं येतंय तुमच्याकडे?"

"टँकरचं, बोअरचं. आठ दिवस झाले. बादलीला पांढरी कडा धरते."

सापडलं! श्रोतेहो, शाळेत आपण शिकलो ते दुष्फेन पाणी आठवा. ज्यात साबणाला फेस येत नाही ते. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. तेच डाळीला शिजू देत नाहीत, आणि तेच केसावर जाऊन बसतात. बाईंनी सगळं नीट केलं होतं, आणि शेवटी तीन बादल्या बोअरच्या पाण्यानं विग खळबळून काढला होता. जेवढ्या जास्त बादल्या, तेवढे जास्त क्षार.

घोडबंदरच्या उंच इमारतींबद्दल मला एक म्हणायचंच आहे. पोहण्याचा तलाव आहे, दिव्यांची बाग आहे, आणि प्यायच्या पाण्याला टँकरच्या रांगा आहेत. तलावांचं शहर म्हणून ज्याची ओळख, त्या ठाण्यात मे महिन्यात माणसानं पाण्यासाठी रात्री जागावं, हे मनाला लागतं. नवी मुंबईकरांचं त्या मानानं बरं, त्यांच्या महापालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे. धरणाचं पाणी बहुधा मऊ, म्हणजे कमी क्षारांचं असतं.

तर क्षारांचा उलगडा झाला. पण चिकटपणा? एवढा तो नुसत्या क्षारांनी येत नाही. मी म्हटलं, "बाई, यावर काहीतरी तेलकट लागलंय." बाई म्हणाल्या, मी काहीच लावलं नाही. मग थोडा वेळ कुणीच बोललं नाही. आणि आजी हळूच म्हणाल्या, "मी लावलं. खोबरेल."

बाईंना माहीतच नव्हतं. आजी सांगायला लागल्या. लग्न होऊन सून घरी आल्यापासून दर रविवारी त्याच तिच्या डोक्याला तेल लावून द्यायच्या. चोवीस वर्षं. केस गेल्यावर रविवारची ती वेळ सुनी झाली. काल रात्री विग स्टँडवर वाळत होता. हात लावला तर कोरडा, तहानलेला वाटला. "मला वाटलं, केसच आहेत ना. मायेनं थोडं तेल घातलं तर मऊ होतील." खळगा भरून तेल त्यांनी विगचे केस ज्या जाळीवर बांधलेले असतात, तिथपर्यंत चोळलं होतं, अगदी डोक्याला चोळतात तसं.

बाईंनी आजींचा हात हातात घेतला. मी पाणी आणायला आत गेले. जरा वेळ लावूनच बाहेर आले.

मग आम्ही तिघी बसलो. प्यायच्या आरओ फिल्टरचं पाणी पातेल्यात घेतलं, कारण त्यातले बहुतेक क्षार फिल्टरनं काढलेले असतात. साध्या फिल्टरनं क्षार जात नाहीत. त्यात शाम्पू मिसळून विग बुडवला, वर उचलला, बुडवला, उचलला. तेल जायला दोनदा करावं लागलं. मग एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा पांढरं व्हिनेगर, त्यात दहा मिनिटं. आंबटपणानं क्षार सुटतात आणि केसाची उभी राहिलेली खवलं परत खाली बसतात. मग पुन्हा फिल्टरचं पाणी. मग कंडिशनर, फक्त मधल्या भागापासून टोकापर्यंत. जाळीपाशी मुळीच नाही, तिथे गाठी असतात. गाठ ओशट झाली की सैल पडते आणि केस निसटतो. पंधरा मिनिटांनी शेवटचं पाणी, तेही फिल्टरचं. टॉवेलमध्ये ठेवून नुसतं दाबलं. अर्धवट वाळल्यावर जटा सोडवायला घेतल्या. बट वर मुठीत घट्ट धरायची, म्हणजे जाळीला ओढ बसत नाही, आणि मोठ्या दातांचा कंगवा टोकापासून सुरू करून बोट बोट वर जायचं. जटा सोडवण्याचं काम आजींनी केलं. त्यांचे हात चोवीस वर्षांच्या सवयीचे, माझ्यापेक्षा हलके. रात्री पावणेएकला विग थर्माकोलच्या डोक्यावर चढला. सकाळी बाई न्यायला आल्या तेव्हा बट बोटांतून पाण्यासारखी सरकली.

साखरपुड्याला मी गेले होते. बाईंनी वेणीच घातली होती. गजरा आजींनी माळला.

तर श्रोतेहो, ज्या पाण्यात डाळ शिजत नाही, त्या पाण्यात विग धुवायचा नाही. पुन्हा सांगते. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही, त्या पाण्यात विग धुवायचा नाही. सगळं धुणं आरओ फिल्टरच्या पाण्यात जमत नसेल, तर निदान शेवटचं पाणी तरी तेच घ्या. दोन-तीन लिटर पुरतं.

बाकीचं पटकन सांगते. धुण्याआधी गुंता सोडवायचा, ओला असताना नाही. ओला गुंता घट्ट होतो. रोज वापरत असाल तर पंधरा दिवसांनी धुवा, रोज धुवायची गरज नाही. कंडिशनर टाळू नका. शाम्पूनंतर केस एकमेकांना दूर लोटतात आणि भुरभुरतात. कंडिशनरचे कण त्यांना चिकटून तो भुरभुरेपणा घालवतात. वाळल्यावर सीरमचे दोन थेंब तळहातावर चोळून नुसता हात फिरवा. खोबरेल नको. खोबरेल आपल्या डोक्याला उत्तम, विगला नको.

आणि विग कृत्रिम धाग्याचा असेल तर व्हिनेगर वगैरे काही नको. त्या धाग्याला खवलंच नसतात. त्याचा शत्रू आहे उष्णता. गार पाण्यात बुडवा, पूर्ण वाळेपर्यंत कंगवा लावू नका, गरम ड्रायर तर नकोच. कुकरचं झाकण उघडताना विग घातलेला असला तर पुढचे केस वाफेनं आखडतात, आणि एकदा आखडलेला धागा सहसा सरळ होत नाही. कृत्रिम विग स्वयंपाकघराबाहेर ठेवायचा, एवढं लक्षात ठेवा.

वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात किंवा आपल्या गडकरी रंगायतनमध्ये नाटकाला जाल, तेव्हा नटांच्या डोक्यांकडेही जरा पाहा. भाव्यांनी सांगलीला 1843 साली सीतास्वयंवर केलं, तेव्हा स्त्रियांची कामं पुरुषच करायचे. त्या सीतेचे केस प्रयोगानंतर कुणीतरी धुतले असतील, वाळवले असतील, विंचरले असतील. त्या माणसाचं नाव कुठे लिहिलेलं नाही. रंगभूषेच्या खोलीत असं काम आजही चालतं, आणि पडदा पडल्यावर त्या लोकांसाठीही टाळ्या व्हायला हव्यात असं मला मनापासून वाटतं.

बाईंच्या सासूबाई, त्या आजी, आता दर दुसऱ्या रविवारी विग धुतात. ते काम त्यांनी दुसऱ्या कुणाला दिलेलं नाही. मागच्या श्रावणात त्यांचा फोन आला होता, "पावसाचं पाणी धरलं तर चालेल का गं?" चालेल. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. फक्त पहिल्या सरींचं घेऊ नका, त्यात हवेतली धूळ असते. चार-आठ दिवस पाऊस लागून राहिला की उघड्यावर स्वच्छ पातेलं ठेवा, पागोळ्यांचं पाणी नको, आणि पंचानं गाळून घ्या. विग मात्र पावसाळ्यात लवकर वाळत नाही. जाळी आतून ओली राहिली तर वास धरते, म्हणून सकाळी धुवा आणि संध्याकाळपर्यंत पंख्याखालून हलवू नका.

नमस्कार.