शहाण्णव खळग्यांची प्लेट

रुग्णाच्या रक्तात यीस्ट, म्हणजे एकपेशीय बुरशी, वाढली की प्रयोगशाळेला दोन गोष्टी तातडीने सांगाव्या लागतात: ती कोणती, आणि तिला कोणतं औषध लागू पडेल. काही वेळा नावातच उत्तर मिळतं. कँडिडा क्रुसेई ही यीस्ट उपजतच फ्लुकोनाझोल या बुरशीविरोधी औषधाला दाद देत नाही. पण कँडिडा ऑरिस निघाली तर? जपानी संशोधकांनी 2009 साली पहिल्यांदा वर्णन केलेली ही यीस्ट आज आपल्याकडच्या अतिदक्षता विभागांतही आढळते. ती बहुधा फ्लुकोनाझोलला जुमानत नाही, कधी इतर औषधांनाही. इथे अंदाज चालत नाही.

औषध लागू पडतं का, हे तपासायची ही पाहा प्लेट. एका ओळीच्या पहिल्या खळग्यात मिलिलिटरमागे 64 मायक्रोग्रॅम फ्लुकोनाझोल, दुसऱ्यात 32, मग 16... निम्मं-निम्मं होत दहाव्यात 0.125. अकराव्यात औषधच नाही, फक्त यीस्ट. बाराव्यात नुसतं द्रवमाध्यम. यीस्ट मोजूनच घालायची: मिलिलिटरमागे साधारण 500 ते 2500 पेशी. गर्दी झाली, तर चांगलं औषधही निकामी वाटू शकतं. मग 35 अंश सेल्सिअसवर 24 तास.

खरी कसोटी वाचनाची. अँफोटेरिसिन बी या दुसऱ्या बुरशीविरोधी औषधाचं सोपं: जिथे खळगा पूर्ण नितळ, तिथे उत्तर. फ्लुकोनाझोल मात्र कँडिडाची वाढ रोखतं, तिला सहसा मारत नाही. त्यामुळे काही नमुन्यांत एकामागून एक खळग्यात पुसटसा गढूळपणा रेंगाळतो. हाच गढूळपणा वाढ म्हणून धरला, तर उपयोगी औषध हातचं जातं. म्हणून अकराव्या खळग्याशी ताडून पाहायचं. जिथे वाढ निम्म्यावर आली, ते सर्वांत कमी प्रमाण म्हणजे एमआयसी. युरोपीय पद्धतीत हा निवाडा डोळ्यांवर सोडत नाहीत. 530 नॅनोमीटरच्या प्रकाशात यंत्र गढूळपणा मोजतं.

सोबत दरवेळी कँडिडा पॅराप्सिलोसिसचा एक ठरलेला वाण लावतात. त्याची एमआयसी माहीत असते. ती ठरल्या मर्यादेबाहेर गेली, तर रुग्णाचा निकाल देऊ नये, कितीही घाई असो. या शिस्तीशिवाय तो आकडा निरर्थक आहे.

वॉर्डात तोवर शिरेतून एकायनोकँडिन गटातलं बुरशीविरोधी औषध सुरू झालेलं असतं. प्रकृती स्थिरावली, रक्त स्वच्छ झालं आणि अहवालात फ्लुकोनाझोल लागू पडतं असं आलं, तर डॉक्टर सलाइन काढून गोळ्यांवर येऊ शकतात. मग उरलेले उपचार घरीही घेता येतात.