वाफेचे माप

शस्त्रक्रियेच्या टेबलावर चार वर्षांची मुलगी आहे. तिला सुईची भीती वाटते, म्हणून भूलतज्ज्ञ आधी मऊ मास्क तिच्या नाकातोंडावर अलगद धरतात आणि फुगा फुगवायला सांगतात. भुलीच्या द्रवाची मोजून वाफ देणाऱ्या यंत्राची, म्हणजे व्हेपोरायझरची, तबकडी ८ टक्क्यांवर आहे. साधारण मिनिटभरात तिचे डोळे मिटतात. मग ती हातपाय झाडू लागते आणि शेजारी उभी असलेली आई घाबरते. गुंगी आणि गाढ भूल यांच्यामधला हा टप्पा अपेक्षितच असतो. मात्र याच वेळी स्वरयंत्र आकसून श्वास अडू शकतो, म्हणून कोणी मोठ्याने बोलत नाही आणि तिला हलवत नाही. भूल पुरेशी चढल्यावरच तिच्या शिरेत सुई घातली जाते.

ही वाफ सेव्होफ्लुरेन या भूलद्रव्याची आहे. तिचा वास उग्र नसतो आणि ती रक्तात फारशी विरघळत नाही. जी वाफ रक्तात भरपूर विरघळते ती तिथेच मुरत राहते, मेंदूपर्यंत तिचा प्रभाव उशिरा पोहोचतो, आणि भूल चढायला जसा वेळ लागतो तसा ती उतरायलाही लागतो. ईथर या जुन्या भूलद्रव्याचे असेच होते. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनमध्ये विल्यम मॉर्टन यांनी ईथर हुंगवले आणि जॉन वॉरन यांनी रुग्णाच्या मानेवरची गाठ काढली; पण वाफ नेमकी किती द्यायची, याचे माप तेव्हा कोणाजवळच नव्हते.

२८ जानेवारी १८४८ रोजी इंग्लंडमध्ये न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर ही १५ वर्षांची मुलगी पायाचे नख काढून घेताना, कापडावरचे क्लोरोफॉर्म हुंगून, काही मिनिटांतच दगावली. लंडनचे डॉक्टर जॉन स्नो यांनी दोष दिला तो त्या पद्धतीला, कारण कापडातून येणारी वाफ कधी विरळ तर कधी फार दाट असते. द्रव उडताना स्वतः थंड होतो आणि वाफ घटते, हे ओळखून त्यांनी १८४७ मध्येच ईथरचे भांडे पाण्यात ठेवण्याची युक्ती योजली होती. कॉलऱ्यावरील कामामुळे ते जगाला ठाऊक आहेत. मला त्यांचे हे काम तितकेच मोठे वाटते.

क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो की हृदय, यावर पुढे हैदराबादेत निजामाच्या खर्चाने १८८८ आणि १८८९ मध्ये दोन आयोग बसले. श्वासावर लक्ष ठेवले की पुरे, असे हे आयोग घडवून आणणारे हैदराबादेतील डॉक्टर एडवर्ड लॉरी यांचे ठाम मत होते. १९११ मध्ये मात्र इंग्लंडचे डॉक्टर गुडमन लेव्ही यांनी क्लोरोफॉर्मच्या हलक्या भुलीतही हृदय अचानक थांबू शकते, हे प्रयोगांनी दाखवले.

आता या पिवळ्या खुणेच्या व्हेपोरायझरकडे पाहा. अशा अनेक यंत्रांत दोन धातूंची जोडपट्टी असते. द्रव थंड झाला की ती वाकते आणि द्रवावरून जास्त वायू जाऊ देते, म्हणजे स्नो यांनी पाण्याने साधले तेच काम करते. शिवाय उच्छ्वासात किती टक्के वाफ आहे, हे मॉनिटर दर श्वासाला दाखवतो.

शस्त्रक्रिया संपली आहे. तबकडी शून्यावर आली असून नुसता प्राणवायू चालू आहे. शरीरातली बहुतेक वाफ जशी आली तशीच मुलीच्या श्वासावाटे बाहेर पडते आहे. मॉनिटरवरचा आकडा २ वरून १ वर, मग ०.३ वर येतो, आणि चादरीवरची तिची बोटे हळूच मिटतात.