लोगो आधी काळ्यात काढा, रंगाचं नंतर बघू

नमस्कार मंडळी. आज लोगोबद्दल बोलायचंय, आणि तेही रेडिओवर, जिथे मला तुम्हाला काहीच दाखवता येत नाही. पण लोगो तपासायला रेडिओसारखी जागा नाही बघा. मी नुसतं म्हटलं, एका बाजूने चावा घेतलेलं सफरचंद, की आलं ना लगेच डोळ्यांसमोर? आता तुमच्या मनातला लोगो फोनवर कुणाला तरी एका वाक्यात सांगून बघा. 'एक पान आहे, त्यात हात आहे, हातावर पृथ्वी आहे आणि भोवती चाकाचे दाते' असं लांबत गेलं तर त्यात नक्कीच जास्त भरलंय, काहीतरी काढावं लागणार.

तो सफरचंदाचा चावाही काही उगाच नाहीये. रॉब जॅनॉफ या डिझायनरने १९७७ मध्ये ॲपल कंपनीचा तो लोगो केला, आणि चावा ठेवला तो लहान आकारात सफरचंद चेरीसारखं दिसू नये म्हणून. म्हणजे सुरुवातच इथून झाली की हे बारीक झाल्यावर कसं दिसेल. आपण मात्र लोगो बघतो तो लॅपटॉपच्या पूर्ण स्क्रीनवर, आणि खुश होतो. लोक तो बघणार मोबाईलवर, नखाएवढ्या गोलात. ब्राउझरच्या टॅबवर तर १६ बाय १६ पिक्सेलच मिळतात, तिथे बारीक रेषा पुसल्या जातात, नावाखालची टॅगलाईन म्हणजे नुसता करडा पट्टा होतो. म्हणून डिझाईन हातात आलं की पहिलं काम, ते छोटं करा आणि हातभर लांबून बघा.

आता रंग. बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात, आणि माझं ठाम मत आहे की ते उलटं आहे. आधी फक्त काळ्यात काढा. डब्ल्यूडब्ल्यूएफ या निसर्ग संवर्धन संस्थेचा पांडा आठवा, १९६१ चा. पांडा निवडण्यामागे एक अगदी व्यवहारी कारण होतं, काळ्या-पांढऱ्यात तो उठून दिसतो आणि छपाईचा खर्च वाचतो. त्याच्या आताच्या रूपात पांडाची पूर्ण आउटलाईनसुद्धा नाहीये, डोकं आणि पाठ कुठे संपते ते आपला डोळाच भरून काढतो, तरी कुणाचा गोंधळ होत नाही. आकार असा पक्का असला की रंग कुठलाही द्या, लोगो उभा राहतो.

निळा म्हणजे विश्वास, लाल म्हणजे जोश, हिरवा म्हणजे निसर्ग, असे तक्ते सगळीकडे फिरतात, त्यावर फार विसंबू नका. रंगाचा अर्थ देशाप्रमाणे आणि धंद्याप्रमाणे बदलतो. त्यापेक्षा तुमच्याच क्षेत्रातल्या आठ-दहा जणांचे लोगो एका पानावर शेजारीशेजारी लावा, सगळे निळे दिसले तर तुमचा निळा त्यात हरवणार हे तिथल्या तिथे कळतं. एक मुख्य रंग, फार तर जोडीला दुसरा, बास.

अजून एक गोष्ट, जी खूप जण विसरतात. लाल आणि हिरवा यातला फरक नीट न कळणारे लोक बरेच असतात, युरोपीय वंशाच्या पुरुषांमध्ये तर साधारण १२ पैकी एक. लाल अक्षरं हिरव्या पट्टीवर टाकली तर त्यांना ती वाचणं अवघड जाऊ शकतं. तपासणं सोपंय, फोनच्या सेटिंगमध्ये स्क्रीन ग्रेस्केल, म्हणजे नुसत्या करड्या छटांची, करा आणि लोगो उघडा, दोन रंग एकाच करड्यात मिसळले तर त्यातला एक गडद किंवा फिका करा.

आणि स्क्रीनवरचा तो झगझगीत हिरवा किंवा नारिंगी कागदावर तसा येत नाही. स्क्रीन प्रकाशातून रंग बनवते, छपाई चार शाईंमधून, आणि त्या शाईंना ते भडक रंग जमतच नाहीत. तेव्हा रंग फायनल करायच्या आधी एक प्रिंट काढून दिवसाच्या उजेडात बघा. डिझायनरकडून नुसती जेपीईजी घेऊन गप्प बसू नका, व्हेक्टर फाईल मागा, म्हणजे बोर्डाएवढा मोठा केला तरी फाटत नाही, सोबत पूर्ण काळी आणि पूर्ण पांढरी अशा दोन आवृत्त्या मागा, आणि रंगांचे कोड स्क्रीनसाठी वेगळे, छपाईसाठी वेगळे लिहून घ्या.