बर्फात अडकलेला पाळक आणि दहा मिनिटांचा उपदेश

नमस्कार श्रोतेहो. आज बाप्तिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या मंडळ्यांविषयी बोलायचं आहे. उपदेशाला त्या इतका मान का देतात, तारण, म्हणजे पापातून सुटका, कशाला म्हणतात, आणि सुवार्ता, म्हणजे ख्रिस्ताचा शुभसंदेश, दूरदेशी नेण्याचा ध्यास त्यांना कुठून लागला. प्रश्न तीन आणि वेळ थोडा. म्हणून तिन्हींसाठी मी तुम्हाला एकाच रविवारी नेतो. इंग्लंडमधलं कोल्चेस्टर गाव, साल १८५०, महिना जानेवारी.

चार्ल्स स्पर्जन नावाचा पंधरा वर्षांचा मुलगा, पुढे मोठा उपदेशक झालेला. वडील पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, आजोबाही पाळक, त्यामुळे शास्त्र घरातच मुरलेलं. तरी जिवाला स्वस्थता नव्हती. आपण पापी आहोत हे त्याला पुरतं पटलं होतं, पण त्यातून सुटायचं कसं हे काही केल्या कळेना. गावातली एकेक उपासनामंदिरं त्याने पालथी घातली. एकजण देवाच्या सार्वभौमत्वावर बोलला, दुसरा सदाचारावर. सगळं खरंच होतं, पण पोराचा प्रश्न एवढाच होता, की माझ्या पापांची क्षमा कशी होईल? आणि तेवढं कुणी सांगेना.

त्या रविवारी तो निघाला होता भलत्याच ठिकाणी. तारीख तो स्वतः ६ जानेवारी सांगत असे. वाटेत बर्फाचं वादळ सुरू झालं, पुढे जाणं होईना, म्हणून तो एका गल्लीत वळला. तिथे प्रिमिटिव्ह मेथडिस्ट या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाचं छोटं चॅपल, म्हणजे उपासनामंदिर, होतं. हे लोक इतक्या मोठ्याने गातात की डोकं दुखायला लागतं, अशी त्यांची ख्याती त्याच्या कानावर होती. आत माणसं किती? बारा-पंधरा. आणि पाळकाचाच पत्ता नाही, बहुधा तोही बर्फात अडकलेला.

शेवटी एक हाडकुळा माणूस उठला आणि व्यासपीठावर चढला. चांभार असेल, शिंपी असेल, असंच काहीतरी, असं स्पर्जन पुढे सांगायचा. उच्चार धड नाहीत, शिक्षण बेताचं. त्याने बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकाच्या पंचेचाळिसाव्या अध्यायातलं बाविसावं वचन घेतलं. ‘माझ्याकडे पाहा आणि तारण पावा, पृथ्वीच्या सर्व सीमांवरच्या लोकांनो.’ आणि तो वचनाला धरूनच राहिला. दुसरं बोलायला त्याच्याकडे फारसं काही नव्हतंच!

इथे जरा थांबून माझं एक मत सांगतो, पटलं तर घ्या. सांगण्यासारखं फार असलेला उपदेशक मला धोक्याचा वाटतो. वचन वाचतो एक, बोलतो दुसरंच, मग प्रवासातला किस्सा, मग वर्तमानपत्रातली बातमी. आणि आता तर पन्नास माणसांच्या खोलीतही ध्वनिवर्धक लागतो. याच स्पर्जनने १८५७ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये २३,६५४ माणसांसमोर उपदेश केला, तेव्हा ध्वनिवर्धकाचा शोधही लागला नव्हता. असो. चॅपलमध्ये परत जाऊ.

तो माणूस म्हणाला, वचन अगदी सोपं आहे बघा. ‘पाहा’ म्हणतंय. पाहायला काही पाय उचलावा लागत नाही, बोटसुद्धा हलवावं लागत नाही. पाहायला कॉलेजात जावं लागत नाही. अगदी मूर्ख माणूसही पाहू शकतो, लेकरूही पाहू शकतं. पण तुमच्यातले पुष्कळजण स्वतःकडेच पाहत बसलेत. तिथे काही उपयोगाचं सापडायचं नाही. कुणी म्हणेल, पवित्र आत्म्याने आधी माझ्यात काम करू दे, मग बघू. ते आता तुमचं काम नव्हे. ख्रिस्ताकडे पाहा.

असं करत करत त्याने दहाएक मिनिटं काढली आणि त्याच्याजवळचं सरलं. मग त्याची नजर गॅलरीखाली बसलेल्या या पोरावर गेली. इतक्या थोड्या माणसांत नवखा चेहरा लपतो कुठे! तो सरळ म्हणाला, ‘तरुणा, तू फार दुःखी दिसतोस.’ व्यासपीठावरून कुणी आपल्या चेहऱ्याविषयी बोलावं, याची स्पर्जनला सवय नव्हती. पण घाव वर्मी बसला. ‘आणि हे वचन पाळलं नाहीस तर दुःखीच राहशील, जगताना आणि मरतानाही. आता पाळलंस तर याच क्षणी तारण पावशील.’ आणि मग तो ओरडला, ‘तरुणा, येशू ख्रिस्ताकडे पाहा! पाहा! पाहा!’

मुलाने पाहिलं. मी पन्नास गोष्टी करायला तयार होतो, असं तो पुढे सांगायचा, आणि कानावर पडला एकच शब्द. डोळे झिजून जातील इतकं पाहिलं म्हणे त्याने.

हाडकुळ्या माणसाचं नाव काय? ते आजवर नक्की झालेलं नाही. पुढे एकाहून अधिक जणांनी सांगितलं की तो मीच. स्पर्जनला त्यातलं कुणी पटलं नाही. १८६४ साली त्याच चॅपलमध्ये, त्याच वचनावर बोलायला तो गेला आणि गॅलरीखालची आपली जागा त्याने लोकांना दाखवली.

आता हे सगळं मेथडिस्टांच्या चॅपलात घडलं, मग यात बाप्तिस्ट काय? सांगतो. शास्त्र वाचता वाचता त्या मुलाला दिसलं की आधी विश्वास, मग बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती दीक्षेचा पाण्याचा विधी. लहानपणी झालेला बाप्तिस्मा त्याला पुरेसा वाटेना. त्याच वर्षी ३ मे रोजी आयलहॅम गावाजवळ लार्क नदीत पूर्ण बुडी घेऊन त्याने बाप्तिस्मा घेतला. आई म्हणाली, तू ख्रिस्ती व्हावास अशी मी पुष्कळदा प्रार्थना केली, बाप्तिस्ट व्हावास अशी नव्हती केली. लेकाचं उत्तर तयार होतं, देव नेहमीच मागितल्यापेक्षा जास्त देतो!

आधी विश्वास, मग बाप्तिस्मा. हा क्रम लक्षात ठेवा. १६०९ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमला जॉन स्मिथ आणि त्याच्या सोबत्यांनी याच क्रमावर मंडळी उभी केली. टॉमस हेल्विस १६१२ च्या सुमारास ती लंडनला घेऊन आला. राजाने प्रजेच्या आत्म्यावर सत्ता चालवू नये, असं त्याने लिहिलं आणि तो तुरुंगात गेला. बाप्तिस्म्याच्या पाण्याने तारण होत नाही, तारण झालेला माणूस पाण्यात उतरतो. आणि पाळण्यातलं बाळ विश्वास कसा ठेवणार? म्हणून व्यासपीठ महत्त्वाचं. विश्वास ऐकण्याने होतो, तर ऐकवणारा हवाच.

यावर एक जुना वाद आहे, तो थोडक्यात सांगतो. ख्रिस्त सर्वांसाठी मेला म्हणणारे जनरल बाप्तिस्ट आणि देवाने तारणासाठी निवडलेल्यांसाठीच मेला म्हणणारे पर्टिक्युलर बाप्तिस्ट. अठराव्या शतकात या दुसऱ्यांतले काही उपदेशक इतके ताठ झाले, की न तारलेल्या माणसाला ‘विश्वास ठेव’ म्हणायलाच कचरू लागले. निवडलेला नसेल तर त्याला बोलावून काय उपयोग? मला विचाराल तर हा तर्कशास्त्राचा अतिरेक आहे. अँड्र्यू फुलर या पाळकाने १७८५ मध्ये पुस्तक लिहून हा पेच सोडवला. निवड देवाची, पण विश्वास ठेवणं प्रत्येक ऐकणाऱ्याचं कर्तव्य, आणि म्हणून बोलावणं सगळ्यांना. स्पर्जन निवडीचा कट्टर पुरस्कर्ता, तरी जन्मभर त्याने सगळ्यांनाच सांगितलं, पाहा.

बोलावणं सगळ्यांना. मग समुद्रापलीकडच्यांना का नाही? हा प्रश्न फुलरचा मित्र विल्यम केरी विचारत होता. हाही मुळात चपला-बूट शिवणारा! २ ऑक्टोबर १७९२ ला केटरिंग गावी एका विधवेच्या घरी मूठभर पाळक जमले आणि सुवार्ताप्रसारासाठी संस्था स्थापन झाली. कबूल झालेली वर्गणी १३ पौंड, २ शिलिंग, ६ पेन्स. पुढच्या वर्षी केरी बंगालात पोहोचला. त्याने मराठीचं व्याकरण १८०५ साली छापलं, १८१० मध्ये मराठी कोश काढला, हे तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल.

पण उपदेशाचं फळ? सात वर्षं एकही बंगाली माणूस बाप्तिस्म्याला आला नाही. मग कृष्ण पाल नावाच्या सुताराचा खांदा निखळला, केरीचा सोबती डॉक्टर टॉमस याने तो बसवला, आणि बसवता बसवता सुवार्ताही सांगितली. २८ डिसेंबर १८०० रोजी बंगालातल्या श्रीरामपूरला हुगळी नदीत केरीने दोघांना बाप्तिस्मा दिला. एक कृष्ण पाल, दुसरा केरीचा स्वतःचा मुलगा फेलिक्स. मिशनऱ्याच्या मुलालाही तीच वाट. आधी विश्वास, मग पाणी.

प्रभुभोजनाविषयी, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीविषयी, आज बोलायचं राहिलं. तिथेही बाप्तिस्टांचे आपापसात मतभेद आहेत. ते पुढच्या भाषणात. नमस्कार.