पडद्यावरचा खडा

(दृश्य: काळ्या मखमलीवर सावकाश फिरणारी अंगठी. खड्याने जवळजवळ सगळी चौकट व्यापली आहे.)

हा टांझानाइटचा खडा आहे. या क्षणी तो तुमच्या पडद्यावर तळहाताएवढा दिसतो आहे. त्याच्या पैलूंवरून निळा आणि जांभळा रंग एकमेकांच्या मागे धावल्यासारखे सरकत आहेत आणि एक उत्साही आवाज सांगतो आहे की हे रत्न हिऱ्याहून हजार पटींनी दुर्मीळ आहे, जगात एकाच ठिकाणी सापडते आणि तेथील साठा संपत आला आहे. कोपऱ्यात किंमत खाली येते आहे. तिच्या खाली शिल्लक नगांचा आकडाही खाली येतो आहे, आणि पाहणाऱ्याचे लक्ष किमतीवरून नकळत त्या दुसऱ्या आकड्याकडे वळते.

(दृश्य: तीच अंगठी साध्या लाकडी टेबलावर. शेजारी मोजपट्टी.)

आणि ही तीच अंगठी, पाकिटातून बाहेर काढल्यानंतरची. खड्याची लांबी 6 मिलिमीटर, रुंदी 4 मिलिमीटर, म्हणजे शर्टाच्या साध्या बटणाच्या जेमतेम निम्मी. एका रात्री, झोप येत नसताना, मी ती स्वतः मागवली होती. पाकीट उघडल्यावर पहिली शंका हीच आली की चुकून दुसऱ्या कोणाची वस्तू आपल्याकडे आली असावी. पावती तपासली, क्रमांक जुळला, वजन जुळले, खड्याची मापेही जुळली, कारण ती मापे पडद्याच्या तळाशी बारीक अक्षरांत सांगितलेली होती. मी पाहत होतो खड्याकडे, मापांकडे नव्हे.

दूरचित्रवाणीवरून रत्नजडित दागिने घेणाऱ्या ग्राहकांच्या तक्रारी ऐकल्या की एक गोष्ट ध्यानात येते. काच विकली गेली, वस्तू आलीच नाही, पैसे बुडाले, अशाही तक्रारी असतात आणि त्यांची दाद मागण्याचे मार्ग निदान ठरलेले आहेत. परंतु मनात रुतून बसणारी नाराजी वेगळी असते. खडा खरा असतो, धातू सांगितला तोच असतो, निवेदकाचे प्रत्येक वाक्य वेगवेगळे तपासले तर बहुधा टिकते, आणि तरीही आपण फसलो ही भावना जात नाही. या फिल्मचा विषय ती नाराजी आहे. सांगितले गेलेले आणि सांगायचे राहून गेलेले, या दोहोंच्या मधल्या जागेत ती वाढते.

टांझानाइटचेच पाहू. 1967 साली टांझानियाच्या उत्तर भागात, किलिमांजारोच्या परिसरातील मेरेलानी टेकड्यांत ते सापडले आणि व्यापारी प्रमाणात आजही तेथूनच येते, हे खरे आहे. ते झोइसाइट या खनिजाचा एक प्रकार आहे, आणि बाजारातील बहुतेक टांझानाइट जमिनीतून निघते तेव्हा तपकिरी छटेचे असते. सुमारे 500 ते 600 अंश सेल्सिअसला तापवल्यावर त्याला तो निळा-जांभळा रंग येतो. व्यापारात ही प्रक्रिया सर्वमान्य आहे, तिच्यात लपवण्यासारखे काही नाही. परंतु पंधरा मिनिटांच्या त्या रसाळ वर्णनात तिचा उल्लेख मी ऐकला नाही. खड्याच्या कठीणपणाचाही नाही. मोस मापनश्रेणीवर हिरा 10, माणिक आणि नीलम 9, तर टांझानाइट 6 ते 7. घरातल्या धुळीत गारगोटीचे, म्हणजे क्वार्ट्‌झचे कण असतात आणि क्वार्ट्‌झ 7 वर बसतो. म्हणजे रोज वापरायच्या अंगठीतील हा खडा नुसता पुसतानाही हळूहळू ओरखडत जातो. कानातल्यात किंवा लोलकात तो वर्षानुवर्षे चांगला राहील. अंगठी विकताना हे सांगणे गैरसोयीचे असते, एवढेच.

राहिला दुर्मीळपणा. जे रत्न दर आठवड्याला, दर संध्याकाळी, शेकडो नगांनी विकले जाते, त्याला दुर्मीळ म्हणताना निवेदकाची जीभ कधी अडखळत नाही, याचे मला अजूनही नवल वाटते.

(दृश्य: रिकामा स्टुडिओ. फिरती तबकडी, तिच्यावर रोखलेले छोटे दिवे, समोर कॅमेरा.)

घरबसल्या खरेदीच्या वाहिन्या अमेरिकेत 1980 च्या दशकात उभ्या राहिल्या आणि दागिना त्यांना फार सोयीचा ठरला. तो लहान असतो, हलका असतो, टपालाने जातो, त्याला मुदत नसते आणि दिव्याखाली ठेवला की चमकतो. ही चमक कशी तयार होते ते समजून घेण्यासारखे आहे. अगदी जवळचे टिपणारे भिंग लावले की 6 मिलिमीटरचा खडा पडद्याची पूर्ण रुंदी व्यापतो. चहूबाजूंनी बारीक, टोकदार दिवे असल्यामुळे प्रत्येक पैलू आळीपाळीने लखलखतो. घरातील मोठ्या, पसरट उजेडात तसे होत नाही. टांझानाइट दिवसाच्या प्रकाशात अधिक निळे आणि पिवळसर दिव्याखाली अधिक जांभळे दिसते. म्हणजे स्टुडिओत कोणता दिवा लावला आहे, यावर त्या रात्री तुम्ही कोणता रंग विकत घेतला हे ठरते. त्यातच आपल्या दूरचित्रवाणी संचावर रंग भडक दाखवण्याची सोय चालू असेल, तर उरलेसुरले काम आपणच पूर्ण करतो.

खडा सतत फिरता ठेवण्यामागेही कारण असते. कच्च्या रत्नाचे वजन वाया जाऊ नये म्हणून पुष्कळदा खड्याचा खालचा भाग उथळ कापतात. मग वरून आलेला प्रकाश आतून परत फिरण्याऐवजी सरळ पलीकडे निघून जातो आणि खड्याच्या मध्यभागी एक फिकट, निस्तेज जागा दिसते. रत्नपारखी तिला खिडकी म्हणतात. माझी अंगठी एका जवाहिऱ्याला दाखवली तेव्हा त्याने भिंगसुद्धा उचलले नाही. ती नुसती वर्तमानपत्रावर धरली आणि खड्याच्या मधून मला मथळ्यातील अक्षर वाचायला सांगितले. ते वाचता आले. खडा फिरत असताना ही खिडकी नजरेत भरत नाही, तो स्थिर झाला की लपत नाही. पडद्यावर तो कधी स्थिर होत नाही.

(दृश्य: तराजूवर एकामागून एक ठेवले जाणारे खडे. ओपल, नीलम, हिरा.)

कॅरट या शब्दाने झालेला गोंधळ याहून जुना आहे, आणि आपल्या भाषेत तो दुप्पट होतो, कारण सोन्याची शुद्धता आणि रत्नाचे वजन या दोहोंना आपण एकच शब्द वापरतो. रत्नाचा एक कॅरट म्हणजे 0.2 ग्रॅम. हे वजन आहे, आकार नाही. एक कॅरटचा गोल हिरा साधारण साडेसहा मिलिमीटर व्यासाचा असतो. नीलम हिऱ्याहून घन असल्यामुळे तेवढ्याच वजनाचा नीलम त्याहून लहान दिसतो. ओपल इतके हलके असते की तेवढ्याच वजनाला ते नीलमच्या जवळजवळ दुप्पट जागा घेते. शिवाय पडद्यावर झळकणारा आकडा पुष्कळदा दागिन्यातील सगळ्या खड्यांच्या एकत्रित वजनाचा असतो. दोन कॅरटची अंगठी म्हणून आलेल्या वस्तूत साबुदाण्याहून बारीक असे तीसचाळीस खडे निघतात. दोन कॅरटचा एक अखंड खडा आणि बारीक खड्यांची दोन कॅरट वजनाची रास, यांच्या किमतींत जमीन-अस्मानाचा फरक असतो. आकडा मात्र एकच.

यानंतर येते रत्नांवरील प्रक्रियांचे प्रकरण, आणि येथे जरा थांबले पाहिजे.

2000 नंतरच्या काही वर्षांत अँडेसिन नावाचा एक लाल खडा बाजारात आला. तो फेल्डस्पार या खनिजांच्या कुळातील. आधी तो काँगोतून येतो असे सांगितले गेले, पुढे तिबेटचे नाव जोडले गेले. नवे, नैसर्गिक, मोजक्याच ठिकाणी मिळणारे रत्न म्हणून दूरचित्रवाणी वाहिन्यांवरून त्याची मोठी विक्री झाली. फेल्डस्पारला लाल रंग देणारे तांबे निसर्गातही आढळते. अमेरिकेतील ओरेगन राज्यात मिळणारा सनस्टोन हा फेल्डस्पारच, आणि तो त्याच तांब्यामुळे लाल होतो. त्यामुळे दाव्यात वरवर काही विसंगत नव्हते. परंतु प्रयोगशाळांनी खोलात जाऊन तपासणी केली तेव्हा आढळले की बाजारातील या लाल खड्यांचा रंग खाणीत तयार झालेला नाही. फिकट पिवळसर फेल्डस्पार प्रचंड उष्णतेत दीर्घ काळ ठेवून त्यात बाहेरून तांबे मुरवले गेले होते. 2008 च्या सुमारास हे उघड झाले, अमेरिकेत दावे दाखल झाले आणि दुर्मीळ म्हणून घेतलेले दागिने रातोरात साधे झाले. पडद्यावर बोलणाऱ्या निवेदकांपैकी कितीजणांना हे ठाऊक होते, हा प्रश्न वेगळा. माझ्या मते ग्राहकाच्या दृष्टीने त्याचे उत्तर फारसे महत्त्वाचे नाही. ज्याला खात्री नाही त्याने खात्रीचा सूर लावू नये, एवढी अपेक्षा वाजवी आहे.

(दृश्य: भिंगाखाली माणिक. पृष्ठभागावर जाळीसारख्या बारीक रेषा.)

माणकाची कथा अधिक बोचरी आहे, कारण तेथे नुकसान घरी आल्यानंतर होते. भेगांनी भरलेले, जवळजवळ अपारदर्शक माणिक शिसेयुक्त काचेने भरले की पाणीदार दिसू लागते. 2004 च्या सुमारापासून असे खडे बाजारात मोठ्या प्रमाणात आले. कागदोपत्री त्यांच्यामागे ‘संमिश्र’ किंवा ‘काचभरण केलेले’ असे विशेषण असायला हवे, आणि बोलताना तेच नेमके गळते. आता ही अंगठी बोटाला सैल होते म्हणून ग्राहक ती सोनाराकडे नेतो. सोनाराला काही सांगितलेले नसते. तो नेहमीप्रमाणे ज्योत लावतो आणि आतली काच वितळते. त्याहून साधे उदाहरण स्वयंपाकघरातले आहे. लिंबाचा रस लागला तरी ही काच खराब होते आणि खड्यावर पांढुरक्या रेषांचे जाळे उमटते. नुसते माणिक लिंबाला दाद देत नाही. म्हणून ग्राहक बुचकळ्यात पडतो की माणिक खरे असेल तर हे झाले कसे.

इंद्रधनुषी पुष्कराजाचेही (येथे पुष्कराज म्हणजे टोपाझ) असेच. रंगहीन पुष्कराजावर अतिशय पातळ थर चढवून ते रंग आणलेले असतात. खडा कठीण, पण थर नाजूक, आणि जोराने घासून साफ केल्यास तो उडतो. नावांचा खेळ तर निराळाच. हिरवा अॅमेथिस्ट, पिवळा पाचू असे शब्द ऐकायला गोड वाटतात, परंतु अॅमेथिस्ट जांभळा असतो आणि पाचू हिरवा. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे व्यापारातील फसवणुकीवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, 2018 साली दागिन्यांविषयीच्या मार्गदर्शक नियमांत सुधारणा करताना नेमकी ही दोन नावे दिशाभूल करणारी म्हणून नोंदवली.

दागिन्यासोबत येणारे जाड, सोनेरी किनारीचे प्रमाणपत्र या सगळ्यावर पांघरूण घालते. त्यावर छापलेले मूल्य दिलेल्या पैशांच्या तिप्पट-चौपट असते आणि काही काळ मन सुखावते. ते मूल्य कोणी, कशाच्या आधारावर ठरवले, हे पाहण्यासाठी प्रमाणपत्र उलटेसुलटे करून पाहावे लागते. 1931 साली स्थापन झालेली जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका ही जगभर मान्यता असलेली संस्था खड्याची तपासणी करून अहवाल देते, परंतु त्यावर किंमत लिहीत नाही. ‘ट्रिपल ए’ या दर्जालाही रंगीत रत्नांच्या बाबतीत सर्वमान्य आंतरराष्ट्रीय व्याख्या नाही. प्रत्येक विक्रेत्याचा ‘ए’ त्याच्या घरचा.

(दृश्य: रात्र. अंधाऱ्या खोलीत पडद्याचा निळसर उजेड.)

मग माणसे हे का घेतात? या प्रश्नाचे उत्तर लोभ असे देणाऱ्यांशी मी सहमत नाही. काही वाहिन्यांवर उतरत्या लिलावाची पद्धत असते. भाव खाली येत जातो आणि माल संपेपर्यंत जो शेवटचा भाव राहील तोच सर्वांना लागतो. लवकर होकार दिला तरी नुकसान नाही, थांबलो तर वस्तू जाईल, अशी ही रचना आहे. तीत विचार करायला वेळ घेणारा माणूसच चुकतो आहे असे वाटू लागते. शिवाय निवेदक रोज भेटतो, तेच हसू, तोच आवाज, फोन करणाऱ्यांची नावे घेऊन विचारपूस. रात्री अकरा वाजता एकट्या माणसाशी इतक्या आपुलकीने बोलणारे दुसरे कोण असते? त्यामुळे पुढे तक्रार करतानाही संकोच होतो, जणू ओळखीच्या माणसाला तोंडावर बोलायचे आहे.

मी अंगठी परत पाठवायचे ठरवले. मुदत शिल्लक होती, आणि सुदैवाने मी ती सैल असूनही सोनाराकडून कमी करून घेतली नव्हती, कारण माप बदललेली वस्तू परत घेतली जात नाही, असे अटींच्या नवव्या कलमात लिहिले होते. टपालखर्च जाताना माझा, येतानाही माझाच. पाकिटात एक छापील अर्ज होता आणि त्यात परत करण्याचे कारण निवडायचे होते.

(दृश्य: अर्ज. त्यावर घुटमळणारे पेनाचे टोक.)

वस्तू तुटलेली आहे. वस्तू चुकीची आली आहे. माप बसत नाही. वर्णनाशी जुळत नाही. या शेवटच्या ओळीवर पेन बराच वेळ थांबले. वर्णनात खडा टांझानाइट होता, तो टांझानाइटच होता. चांदी 92.5 टक्के सांगितली होती, तेवढीच होती. खड्याची लांबी-रुंदी मिलिमीटरला मिलिमीटर बरोबर होती. वर्णनाशी न जुळणारे त्या अंगठीत काहीच नव्हते. अर्जाच्या तळाशी ‘इतर’ असा एक रकाना होता आणि त्यापुढे लिहायला अर्धी ओळ जागा होती. मी ‘इतर’वर खूण केली आणि ती अर्धी ओळ कोरी ठेवली.