सीट हलते कुठे, ते आधी बघा

मंडळी, बाळाची सीट गाडीत बसवून झाली की बहुतेक जण तिचं वरचं टोक धरून गदागदा हलवतात. तिथं ती थोडी हलणारच, मागे तोंड केलेली तर हमखास. गाडीचा बेल्ट सीटमध्ये जिथून शिरतो, तिथं हात घाला आणि डावी-उजवीकडे, पुढे-मागे ओढून बघा. 2.5 सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकली, तर सगळं सोडून पुन्हा बसवा.

ढील का राहते, तर आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचा बेल्ट झटका बसला तरच अडकतो, हळू ओढला तर नुसता सुटत जातो. मोठ्या माणसाला हे सोयीचं, सीटला नाही. म्हणून रिकाम्या सीटवर गुडघा टेकवून अंगाचा भार द्या, आधी कमरेचा पट्टा ताणा, मग खांद्याचा, आणि सीटवर बेल्टचं लॉक असेल तर ते बंद करा. बेल्ट न्यायच्या जागा रंगानं दाखवलेल्या असतात: मागे तोंड करून बसवायची असेल तर निळ्या, पुढे तोंड असेल तर लाल. बकलचा जाड भाग सीटच्या कडेवर वाकून बसला, तर पट्टा कितीही ओढा, ढिलाच राहणार. अशा वेळी जागा बदला.

आयसोफिक्स, म्हणजे बेल्टशिवाय सीट थेट गाडीतल्या कड्यांना अडकवायची सोय, असेल तर काम सोपं, पण अर्धंच. गाडीच्या आसनाची पाठ आणि बैठक यांच्या फटीत 28 सेंटिमीटर अंतरावर दोन कड्या असतात; त्यांत बाळाच्या सीटचे दोन दांडे अडकले की खटका वाजतो आणि खूण लाल जाऊन हिरवी होते. लोक इथंच थांबतात. तिसरा आधार नसेल तर धडकेत सीट पुढे कलंडते. तो आधार म्हणजे टॉप टेदर, म्हणजे सीटच्या माथ्यावरून मागे गाडीला अडकवायचा पट्टा, किंवा खाली गाडीच्या तळाला टेकणारा सीटचा पाय. टेदर सामान अडकवायच्या हुकाला लावू नका. सीटचा पाय गाडीच्या तळातल्या सामानाच्या खणाच्या झाकणावर टेकवू नका, झाकण दबतं.

आता बाळ. पट्टे पिळलेले नकोत. मागे तोंड असताना ते खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून, पुढे तोंड असताना रेषेत किंवा किंचित वरून यायला हवेत. खांद्यापाशी, गळ्याखालच्या हाडावर पट्टा चिमटीत धरून बघा. घडी पडली तर ढील आहे. पावसाळ्यात रेनकोट घातलेल्या मुलाला तसंच बांधतात; ते चुकीचं. रेनकोट काढा, मग बांधा.

मागे तोंड केलेली सीट चालू एअरबॅगसमोर कधीही नको. मांडीवर घेणाऱ्यांनी साधं गणित करावं: ताशी 50 किलोमीटर वेगातली गाडी अर्ध्या मीटरात थांबली, तर 10 किलोच्या मुलाला धरायला सुमारे 200 किलोची ताकद लागते. कायदाही आहे, मोटार वाहन कायद्याचं कलम 194ब: 14 वर्षांखालचं मूल बांधलेलं नसेल तर 1,000 रुपये दंड. पण दंडासाठी कोण सीट घेतो म्हणा!

मुंबईत अर्धे प्रवास टॅक्सीचे. तेव्हा सीट घेताना ती फक्त आयसोफिक्सची आहे की बेल्टनंही बसते, ते दुकानातच विचारा. बेल्टनं बसणारी असेल तर सोसायटीच्या पार्किंगमध्ये, कुठल्याही गाडीत, दोन-तीनदा बसवून उतरवून सराव करा. खालच्या गेटवर टॅक्सी उभी, मागे हॉर्न वाजतायत, तेव्हा मॅन्युअल वाचायला वेळ नसतो.