घड्याळाच्या हिशोबात नसलेली नाईट

श्रोतेहो, नमस्कार. राज्यभरातल्या भावी डॉक्टरांच्या परीक्षा घेणारं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८पासून आपल्या नाशकात आहे. पण आज बोलायचंय ते या पोरांच्या पायांबद्दल.

आधी हिशोब. पन्नास किलोच्या माणसाला स्वस्थ बसून तासाला साधारण ५० कॅलरी लागतात. जरा झपझप चाललं की तिप्पट. लक्षात ठेवा, तिप्पट.

आता माझ्या भाचीची गोष्ट. ती सर्जरीची रेसिडेंट, म्हणजे शिकता शिकता हॉस्पिटलात ड्यूटी करणारी डॉक्टर. आमचे दाजी रोज पहाटे गोदापार्कवर चालणार आणि आल्यावर मनगटावरच्या घड्याळातली पावलं घरभर दाखवणार. वर, "आजकालच्या पोरांना चालायला नको!" एके दिवशी भाचीनं ते घड्याळच उचललं आणि नाईटला नेलं. कॅज्युअल्टीतून ब्लड बँक, तिथून वॉर्ड, लिफ्ट बंद म्हणून जिना. मध्यरात्री इमर्जन्सी ऑपरेशन लागलं. हात धुण्याआधी घड्याळ काढावंच लागतं. तिनं ते बॅगेत टाकलं. आत ही रिट्रॅक्टर धरून उभी. म्हणजे पोटाची कड ओढून धरायची आणि हलायचं नाही. नाक खाजलं तरी हात लावायचा नाही. बाहेर येऊन बघते, तर घड्याळ म्हणतंय, "बराच वेळ बसलात. उठा, थोडं चाला!"

राउंड आटोपून दुपारी घरी आली. दाजींनी घड्याळ पाहिलं. पावलं त्यांच्या दुप्पट. तरी म्हणालेच, "मधे बराच वेळ बसली होतीस वाटतं?" उत्तर कोण देणार? पोरगी मिसळीचा घास हातात धरून झोपली होती. मिसळ काळ्या मसाल्याची, कोपऱ्यावरच्या टपरीवरची. झोपाळे लावलेल्या मळ्यात जाऊन मिसळ खाणं मला काही पटत नाही. असो.

तर, चालताना पोटऱ्या आखडतात, सुटतात आणि रक्त वर ढकलतात. नुसतं उभं राहिलं की ते पायातच साचतं. हात ताणून धरला की आवळलेला स्नायू स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबतो. कॅलरी थोड्या, थकवा फार. पुन्हा सांगते, कॅलरी थोड्या, थकवा फार. आणि सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबणं? मिनिटाला १०० ते १२० वेळा छाती दाबायची, किमान ५ सेंटिमीटर. दर २ मिनिटांनी माणूस बदलायचा, कारण दमलेल्या हाताचा दाब उथळ पडतो.

१९९२च्या केंद्रीय रेसिडेन्सी योजनेत सलग ड्यूटी शक्यतो १२ तासांवर नको आणि आठवड्याला साधारण ४८ तास, असं लिहिलंय. भाचीला वाचून दाखवलं. म्हणाली, "मावशी, माझे ४८ बुधवारीच संपतात."